साडूंच्या टिकल्या

आमच्या साडूंइतका बोलका माणूस अख्ख्या मराठवाड्यात झाला नाही, आणि झालाच असेल तर तो त्यांच्या शेजारी राहायला येऊन गप्प झाला असेल. हे मी रागानं म्हणत नाही. माझं पेठेत कापडाचं दुकान आहे, मीही दिवसभर बोलूनच खातो. पण गिऱ्हाईक पायरी उतरलं की माझं तोंड मिटतं. साडूंचं तसं नव्हतं. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. तिला माझी बायको अक्का म्हणते, म्हणून मीही अक्काच म्हणतो. माझ्या लग्नात मांडवात उभं राहून त्यांनी मला संसार कसा करावा हे जे सांगायला सुरुवात केली, ते अक्षता पडल्या तरी चालूच होतं. भटजींचं शेवटचं "सावधान" नवरा-नवरीला नव्हतं, साडूंना होतं, असं माझी आई शेवटपर्यंत म्हणायची.

बरं, बोलण्याचा पगारही त्यांना मिळत होता. बीडच्या बसस्टँडवर माइकसमोर बसायची नोकरी. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली एवढंच सांगायचं काम, पण साडू एवढ्यावर भागवणारे नव्हते. "परळी गाडी लागलेली हाय. डायवर चहा पिऊ लालाय, उगं पळू नका, पडसाल." असं ऐकून म्हाताऱ्या माणसांना केवढा धीर यायचा! कुणाचं गठुडं राहिलं, कुणाची सून माहेरी चालली आणि रडतीय कावून, याचीही चौकशी माइकवरूनच व्हायची. एकदा त्यांनी मला फलाटावर पाहिलं आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं विचारलं, "साडूभाऊ, घरी सांगून आलाव का?" मी सांगून आलो नव्हतो. पिक्चरला चाललो होतो. संध्याकाळी बायकोनं जेवायला वाढलं ते न बोलता.

पुढं देशाची दारं उघडली. पेपरात रोज तेच यायचं. आमच्या पेठेत मात्र दारांपेक्षा शटरं जास्त उघडली. कुणी एस.टी.डी. बूथ काढला, कुणी केबल टाकली, कालपर्यंत रॉकेल विकणारा कॉम्प्युटर क्लासची पाटी रंगवून बसला. साडूंना वाटलं, आता सरकारी माइकवर काही राम नाही. त्यांनी नोकरी सोडली आणि घराच्या पुढच्या खोलीत रेकॉर्डिंगचं दुकान थाटलं. भिंतींना आतून गोधड्या ठोकल्या. निवडणुकीच्या जीपवर, आठवडी बाजारात, रसवंतीच्या उद्घाटनाला जो आवाज ऐकू यायचा तो यांचाच. दोन विरोधी उमेदवारांच्या जीपा एकाच चौकात समोरासमोर आल्या तर साडूच साडूंना आव्हान देत असत, आणि दोन्ही बाजूंचे कार्यकर्ते टाळ्या वाजवत.

आता टिकल्यांचं सांगतो. कॅसेटवर पाहिजे ती जागा सापडणं म्हणजे मोठी कटकट. पुढं पळवा, मागं आणा, निम्मा दिवस त्यातच. साडूंनी यावर इलाज काढला होता. कॅसेटच्या काचेतून फीत किती गुंडाळली गेली ते दिसतं ना, तिथं ते बाहेरून एक टिकली चिकटवायचे. फीत टिकलीपर्यंत आली की समजायचं, जागा आली. टिकल्या अर्थात अक्काच्या. लाल टिकली म्हणजे संगीत, हिरवी म्हणजे भाषण, चांदीची म्हणजे लई महत्त्वाचं. "माझ्या कपाळाला एक न्हाई, अन् ह्यांच्या क्यासेटी बघा कशा नटल्यात!" असं अक्का येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची. एकदा कुणाच्या तरी हळदीला निघताना तिला घरात टिकलीच सापडेना. तिनं सरळ एका कॅसेटवरची उपटली आणि कपाळाला लावून चालती झाली. ती कॅसेट एका मोठ्या पुढाऱ्याची होती. त्या दिवशी त्यांच्या सभेची सुरुवात स्वागतगीताऐवजी आभारप्रदर्शनानं झाली. सभा आटोपली असं समजून निम्मे लोक घरी गेले, आणि साडूंच्या मते जिल्ह्यातली तीच सगळ्यात यशस्वी सभा.

नव्वदीचं दशक सरत आलं तेव्हा पेठेतले दोन-तीन कॉम्प्युटर क्लास बुडाले. त्यातल्या एकाचा जुना कॉम्प्युटर साडूंनी घरी आणला. क्लासचे मास्तर तो जोडून द्यायला आले, त्यांनी आवाज कापायचं-जोडायचं एक सॉफ्टवेअर त्यात टाकलं आणि चालवून दाखवलं. मीही बघायला गेलतो. पडद्यावर आवाजाची आडवी हिरवी नक्षी पसरली होती. मास्तर म्हणाले, "आता ऐकता ऐकता हे एक बटन दाबा." साडूंनी दाबलं. नक्षीच्या डोक्यावर एक छोटी रंगीत खूण उभी राहिली. मास्तर म्हणाले, याला मार्कर म्हणतात. याला नाव द्यायचं. नंतर केव्हाही या नावावर टिचकी मारली की सॉफ्टवेअर थेट त्या जागी जाऊन तिथूनच वाजवायला लागतं. साडू बघतच राहिले. त्यांना गप्प बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मग एकदम ओरडले, "अगं, ये हिकडं पळत! सुटल्या तुझ्या टिकल्या!"

मार्कर हा शब्द त्यांनी त्या घरात परत कधी येऊ दिला नाही. टिकलीच. मास्तर सांगत होते, "नावं अशी द्या: सुरुवात, संगीत, निवेदन." साडू म्हणाले, "सुरुवात हे काय नाव हाय का मास्तर? सुरुवात कुठंबी असती. बीड म्हना." आणि त्यांनी पहिल्या टिकलीला बीड नाव दिलं. दुसरीला पाली. मग मांजरसुंबा, नेकनूर, येळंबघाट, केज आणि शेवटची युसूफ वडगाव. युसूफ वडगाव ही आमची दोघांची सासुरवाडी. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी जाताना साडूंनी अक्काला याच रस्त्यानं एस.टी.त खिडकीशी बसवून नेलं होतं, आणि अख्ख्या वाटेत प्रत्येक थांबा तिला माइकच्या आवाजात सांगितला होता. अक्का म्हणते, गाडीतली माणसं मागं वळून वळून बघत होती, मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तेव्हापासून साडूंच्या डोक्यात जगातली प्रत्येक गोष्ट बीडला सुटायची आणि वडगावला पोचायची. जाहिरात असो, श्रद्धांजली असो, नाहीतर बँडवाल्यांचं रेकॉर्डिंग, थांबे तेच. आणि थांब्यावर गाडी एक मिनिट उभी राहिलीच पाहिजे, हा त्यांचा आणखी एक नियम. दोन शब्दांचं निवेदन असलं तरी त्याला ते एक मिनिटाची जागा देणार, उरलेलं मिनिट मोकळं. मास्तर म्हणाले, याची काही गरज नाही. साडू म्हणाले, "तुमी कंडक्टर हाव का?" मास्तर फी न घेता गेले.

त्यानंतर या माणसानं आम्हाला जो त्रास दिला तो विचारू नका. त्यांना सगळीकडेच टिकल्या दिसायला लागल्या. आपण काही सांगत असलो आणि त्यांना मधेच उठायचं असलं तर टेबलावर बोट टेकवून म्हणायचे, "हितं टिकली लावली. आलो." आणि परत येऊन नेमकं त्याच शब्दापासून पुढं सांगायला लावायचे. नवरा-बायकोचं भांडणही असंच. "हे नेकनूरपर्यंत झालं. म्होरलं उद्या." अक्काला भांडण अर्ध्यावर सोडायची सवय नव्हती, पण तीही शेवटी सकाळी चुलीपाशी म्हणायला लागली, "हं, काल नेकनूरला काय म्हनलाव?" आमचे सासरे, म्हणजे मामा, जुने सरपंच आणि तापट माणूस. बांधाच्या भांडणाची हकीकत सांगायला लागले की जेवणं गार व्हायची. त्यांना साडूंनी एकदा भरपंक्तीत सांगितलं, "मामा, तुमी आता येळंबघाटात हाव. केज यायच्या आत उरका, वाढलंय." मामांनी ताट सरकवलं. त्या दिवसापासून मामा मला चांगला जावई म्हणायला लागले, त्यात माझं कर्तृत्व काही नाही.

आता एक हकीकत सांगतो, ती नीट ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे. माझ्या दुकानात साड्यांचा सेल होता आणि साडूंनी त्याची जाहिरात केली होती. त्याच आठवड्यात पेठेतले एक बडे व्यापारी वारले, त्यांच्या श्रद्धांजलीचं निवेदनही साडूंकडेच. ह्या माणसानं दोन्ही एकाच फाइलमध्ये मागं-पुढं ठेवलं होतं, टिकल्या लावून. मग पुढचा एक तुकडा नको म्हणून कापून टाकला. त्या सॉफ्टवेअरची खोड अशी, की आवाज कापला तर मागचा आवाज पुढं सरकायचा, पण वरच्या टिकल्या जागच्या हलायच्या नाहीत. टिकलीवर नाव एकाचं, खाली आवाज दुसऱ्याचा. साडूंनी टिकल्या बघूनच कॅसेट भरली, ऐकली नाही. आणि रिक्षावरच्या भोंग्यातून अख्ख्या पेठेनं ऐकलं, "मृतात्म्यास ईश्वर चिरशांती देवो! एका साडीवर एक साडी फुकट!" मी कपाळ बडवून घेतलं. दुपारी त्या घरातल्या बायका दुकानाकडे येताना दिसल्या तेव्हा मी मागच्या दारानं पळायच्या बेतात होतो. त्या भांडायला आल्या नव्हत्या. साड्या बघायला आल्या होत्या.

मी तणतणत साडूंकडे गेलो. ते शांतपणे कॉम्प्युटरलाच झापत होते. "कावून बे? टिकल्या न्यायच्या की संगट!" मग मला आणि दारात उभ्या असलेल्या अक्काला त्यांनी सगळं पडद्यावर करून दाखवलं. या टिकलीपासून त्या टिकलीपर्यंत रंगवायचं, डिलीटचं बटन दाबायचं, मधलं जातं, मागचं सगळं एक थांबा पुढं येतं. "टिकल्या मातर हातानं सरकवायच्या. न्हाई सरकवल्या तर असा गोंधळ." अक्का लक्ष देऊन बघत होती. मला वाटलं, हसतीय.

मग साडूंचा आवाज बसायला लागला. तंबाखूची सवय होतीच. आधी वाटलं, घशाला सूज असेल. बीडच्या डॉक्टरांनी औरंगाबादला पाठवलं, मी बरोबर गेलो. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, पण आवाज जाईल. हा माणूस आवाज गेल्यावर उरणार कसा, हेच मला कळत नव्हतं. साडूंनी डॉक्टरांना एवढंच विचारलं, "मला थोडे दिवस मिळतेल का? रेकॉर्डिंग करायचंय."

परत येताना गाडीत त्यांनी बेत सांगितला. आयुष्यात माणूस फिरून फिरून तीच वाक्यं बोलतो. ती आत्ताच रेकॉर्ड करून ठेवायची, प्रत्येकाला टिकली लावायची. आवाज गेला तरी टिचकी मारली की बोलणं हजर. मी म्हणालो, "साडूभाऊ, पाटीवर लिहून दाखवता येतं की." ते चिडलेच. "लिवून बोलनं म्हंजी अर्ज करनं. मी काय माझ्या बायकूला चहासाठी अर्ज करू?"

समोर माणूस असल्याशिवाय त्यांना बोलता येत नसे, म्हणून गोधड्यांच्या खोलीत मला समोर बसवलं. घोगऱ्या, फाटलेल्या आवाजात, खोकत खोकत त्यांनी वाक्यं भरली. पालीला ठेवलं, "अगं, चहा टाक. साखर जरा जास्त." मांजरसुंब्याला, "या, या! बसा. लई दिवसानं आलाव." नेकनूरला, "उठा आता. तुमाला कामं न्हाईत, आमाला हायेत." येळंबघाटाला माफी होती: "चुकलं माझं. पुन्ना असं व्हनार न्हाई." मी विचारलं, माफी एकच पुरेल का? ते म्हणाले, आजपर्यंत एकच पुरली. केजला ठेवलं, "तुमी एक लंबरचे लबाड हाव!" हे कुणासाठी असं मी विचारलं नाही, कारण ते माझ्याकडे बघून रेकॉर्ड केलं होतं. आणि युसूफ वडगावला, अर्थातच, "मामा, नमस्कार. तब्येत काय म्हनती?"

पहिली टिकली, बीडची, मोकळी ठेवली होती. ती शेवटच्या दिवशी भरली. ते म्हणाले, "साडूभाऊ, आपरेशनमधून न्हाई उठलो तर? गाडी कुठं सुटती? बीडला. मेल्यावरचं बीडला ठिवू." अक्का चहा घेऊन आत आली होती. कपबशी तशीच हातात धरून म्हणाली, "असलं अभद्र माझ्या घरात बोलायचं न्हाई." साडू म्हणाले, "एकच मिनिट लागतंय." ती कपबशी घेऊन माघारी गेली. चहा आम्हाला मिळालाच नाही. मग त्यांनी बोलायला सुरुवात केली. आधी बसस्टँडवरच्या सारखं, "परवाशांनी लक्ष द्यावं," आणि हसले. पुसलं. परत बोलले, मधेच थांबले, पुसलं. शेवटी जे राहिलं ते अगदी साधं होतं. मी गेलो तर रडत बसू नको. ह्या घरात एकटी राहू नको, करमायचं न्हाई तुला. वडगावला जा, मामांपाशी ऱ्हा. वाटंत खिडकीशी बस. एवढंच. मी गोधडीकडे तोंड करून बसलो होतो, त्यांना वाटलं मला आवाज नीट यावा म्हणून.

ऑपरेशन झालं आणि साडू उठले. गळ्याला भोक, मानेला पांढरा रुमाल, आणि तोंडातून हवा तेवढी येते. दवाखान्यात ते रोज बोटांनी हवेत टिचक्या मारायचे, घरी जायची घाई झाली होती. अक्का बरोबर होती. मधे एकदा कपडे न्यायला म्हणून ती बीडला येऊन गेली.

साडू घरी आले तो दिवस मला आयुष्यभर विसरायचा नाही. वडगावहून मामा आले होते. तापट माणूस, पण जावयाची अशी अवस्था ऐकून खचले होते, काठी धरून हळूहळू पायरी चढत होते. साडू आधीच कॉम्प्युटर लावून खुर्चीत सरसावून बसले होते. तोंडभर हसले आणि मांजरसुंब्यावर टिचकी मारली. "या, या! बसा," हे मांजरसुंब्याला. आणि खोलीभर आवाज घुमला, "उठा आता. तुमाला कामं न्हाईत, आमाला हायेत."

मामा बसता बसता उठले. साडूंचा चेहरा पांढराफटक. घाईघाईनं त्यांनी येळंबघाट दाबला, माफीचा. "तुमी एक लंबरचे लबाड हाव!" मामांनी काठी उचलली. मी मधे पडलो, "मामा, ते तुम्हाला नाही, ते मला आहे!" पण ऐकतंय कोण! साडूंनी शेवटचा उपाय म्हणून युसूफ वडगाव दाबलं, मामांचा खास थांबा, आणि त्यातून काहीच आलं नाही, नुसती खरखर. "एवढी वाट तुडवीत आलो, तर ह्यो मला हाकलतोय!" मामा ओरडले. साडूंनी हात जोडले आणि जोडलेल्या हातांचा कोपर माउसला लागून केज दाबलं गेलं. "मामा, नमस्कार. तब्येत काय म्हनती?"

मामा थांबले. "बरी हाय," म्हणाले, सवयीनं. मग मी हसलो ते मला आवरेना, मामाही खाली बसले आणि डोळे पुसायला लागले. साडू मात्र हसत नव्हते. ते पडद्याकडे बघत होते. टिकल्या सगळ्या जागच्या जागी होत्या, बीडपासून वडगावपर्यंत. आवाज मात्र सगळा एक थांबा पुढं सरकला होता. पुढं सरकतो केव्हा, हे त्या माणसाला सांगायची गरज नव्हती. त्यांनी हळूच बीडवर टिचकी मारली. मेल्यावरचं बीडला होतं.

"अगं, चहा टाक," बीड म्हणालं. "साखर जरा जास्त."

"टाकलाय!" अक्का आतून ओरडली.

साडूंनी स्वैपाकघराच्या दाराकडे बघितलं. तो आवाज परत भरता येणार नव्हता, कारण भरायला आवाज उरला नव्हता. त्यांनी मोठ्या मुश्किलीनं एक मिनिटात बसवलेलं बोलणं कायमचं गेलं होतं. मला वाटलं, आता हा माणूस मोडणार. आणि साडू हसायला लागले. आवाज नाही, नुसते खांदे हलतायत, गळ्यावरचा रुमाल उडतोय, आणि डोळ्यांतून पाणी. अक्का चहा घेऊन आली, त्यांच्यासमोर कप ठेवला आणि कुणाकडेही न बघता म्हणाली, "चांगल्या जित्या मान्साचं मेल्यावरचं बोलनं घरात कशाला ठिवायचं? मी काढून टाकलं. टिकल्या माझ्याच हायेत की न्हाई?"

मी दुसऱ्या दिवशी म्हणालो, साडूभाऊ, टिकल्या तेवढ्या एकेक थांबा सरकवून घेऊ, क्षणाचं काम आहे. त्यांनी माझा हात धरून बाजूला केला. टिकल्या जशा होत्या तशाच राहू दिल्या आणि नवे थांबे पाठ केले. माफी मागायला नेकनूर, शिवी द्यायला येळंबघाट. पुढं बरीच वर्षं त्या घरात असंच बोलणं चाललं. पेठेत सगळ्यांना मोबाइल आले, कॉम्प्युटर पातळ झाले, साडूंनी तो जुना डबा बदलला नाही. मी दुकान बंद करून जायचो, ते मला बघताच येळंबघाट दाबायचे, मग मांजरसुंबा दाबून उठवायचा प्रयत्न करायचे, आणि मी निघायला लागलो की हात धरून बसवायचे. अक्का रोज बीड ऐकून चहा टाकायची. भांडण झालं की तिची कटकट एवढीच, की ह्यांची माफी नेहमी सारखीच असती, जराबी सूर बदलत न्हाई.

साडू गेले ते साध्या तापानं, भरदुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या. तेरावा झाल्यावर वडगावहून अक्काचे भाऊ आले. मामा तोवर राहिले नव्हते. भावांनी सांगितलं, आता अक्कानं इथं एकटं राहायचं नाही, गाडी आणलीय, सामान बांधा. मलाही ते बरोबरच वाटत होतं. साडूंनी तेच सांगितलं होतं, माझ्या समोर, याच खोलीत, आणि ते ऐकलेला आता मी एकटाच उरलो होतो. मी म्हणालो, "अक्का, साडूभाऊंचीबी हीच इच्छा होती. एकटी राहू नको म्हणाले होते."

अक्कानं मान हलवली. "मला ठावं हाय, पाव्हनं. काढून टाकायच्या आदी ऐकलं हुतं की मी. खिडकीशी बस म्हनलं हुतं." मग म्हणाली, "जरा ते यंत्र लावा."

मी कॉम्प्युटर लावला. सुरू व्हायला त्यानं नेहमीसारखा वेळ घेतला. पडद्यावर ती हिरवी नक्षी आली आणि तिच्या डोक्यावर ओळीनं टिकल्या. अक्काचं कपाळ मोकळं होतं. मला तिच्याकडे बघवेना. तिनं चष्मा नीट केला, बोट पुढं करून मला पहिली टिकली दाखवली आणि मी बीडवर टिचकी मारली.

"अगं, चहा टाक. साखर जरा जास्त."

भाऊ दारात उभे होते, तेही ऐकत राहिले. अक्का उठली, पदर खोचला. "जा म्हनलं असतं तर गेले असते," ती भावांना म्हणाली. "चहा टाक म्हनतेत. बसा सगळे."

ती आत गेली. स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला. गाडी रिकामीच माघारी गेली, आणि त्या दिवशीचा चहा आम्ही सगळ्यांनी गुपचूप प्यालो, साखर जरा जास्त होती तरी.